बू खलफचं काडतूस

बाबा ताटावर बसले की गिऱ्हाइकांबद्दल बोलायचे आणि आई पेशंटांबद्दल चकार शब्द काढायची नाही. अमिरातीतल्या अल ऐनला एका व्हिलाच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि या दोघांच्या मधोमध बसून मी वाढले. खिडकीतला एसी दिवसभर घरघरायचा, त्यामुळे बाबांना मोठ्याने बोलायची सवय लागली होती. आई मुळातच कमी बोलायची, आणि त्यातलं अर्धं एसीच्या आवाजात विरून जायचं. मी तिचा मूड भाकरीवरून ओळखायचे. परातीत हात हलका पडत असला की सगळं ठीक. थापटण्याचा आवाज जरा वाजवीपेक्षा मोठा आला की बाबा माझ्याकडे बघून भुवया उडवायचे आणि म्हणायचे, "आज आपण गप जेवायचं हं." आणि घास तोंडात जायच्या आत स्वतःच बोलायला लागायचे.

आमचं घराणं बार्शीचं, शिंप्याचं. बाबा इकडे आले ते कंदुरा शिवायला. इथल्या पुरुषांचा घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, दिसायला अगदी साधा, पण खांद्यात सूतभर चुकलं तर सगळा माणूस वाकडा दिसतो. शिकारीचं सामान विकणारे एक अरब दुकानदार बाबांकडून कंदुरे शिवून घ्यायचे. एकदा टेप गळ्यात असतानाच ते बाबांना म्हणाले, माझ्याकडे ये, कपड्याऐवजी बंदुकीचं माप घे. झालं, बाबांचं शिवणकाम सुटलं. लोकांना वाटतं, बंदूक काय, दुकानात जायचं आणि उचलून आणायची. पण हौशी शिकारी ती अंगावर बेतून घेतो. हात किती लांब, मान किती उंच, छाती किती भरलेली, हे सगळं ऑस्ट्रियातल्या कारागिरांना कळवायचं आणि मग वर्षभराने बंदूक यायची. दुकानात मापासाठी एक खोटी बंदूक होती. तिचा लाकडी दस्ता स्क्रू फिरवून लांब, आखूड, डावीकडे, उजवीकडे करता यायचा. बाबा ती गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावायचे आणि दोन पावलं मागे जाऊन डोकं तिरकं करून बघायचे, अगदी गळ्याची पट्टी बघावी तसं. आयुष्यात एकदाही गोळी न झाडलेला माणूस! आई चिडली की हे ऐकवायची. बाबा शांतपणे म्हणायचे, "ब्लाउज शिवणारा कधी ब्लाउज घालतो का?"

नवीन नवीन असताना त्यांनी सगळा सराव माझ्यावर केला. लाटणं खांद्याला लावून मी उभी राहायचे आणि बाबा माझी मान इकडची तिकडे करायचे. त्यातलं मला सगळ्यात आवडायचं ते डोळ्याचं माप. बाबा समोर उभे राहून आपला एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "दोन्ही डोळे उघडे ठेव आणि माझ्या या उघड्या डोळ्यावर बोट रोख." मी रोखलं की त्यांना माझं बोट माझ्या ज्या डोळ्यासमोर आलेलं दिसे, तो माझा मालक डोळा. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांत एक मालक असतो, दुसरा नुसता सोबतीला. बंदूक मालक डोळ्याच्या बाजूच्या खांद्याला लागली पाहिजे. माझा मालक उजवा निघाला. आईचं माप घ्यायला गेलो तर ती म्हणाली, "बोटं नाचवू नका माझ्यासमोर. मला कपडे वाळत घालायचेत."

बाबांनी शिंप्याची एक रीत मात्र बंदुकीच्या दुकानातही सोडली नाही. गिऱ्हाइकाचं वैगुण्य गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. एक खांदा उतरलेला असेल तर गुपचूप त्या बाजूला अस्तर जास्त घालायचं; पाठीला बाक असेल तर मागचा भाग बोटभर लांब कापायचा. माणसाला आरशात आपण सरळ दिसलो पाहिजे, कसे ते त्याला कळायचं कारण नाही. "अंग झाकायला कपडा असतो, तसंच उणंही झाकायला असतो," असं म्हणायचे ते. आईचं काम याच्या बरोब्बर उलटं. ती मिरजेला नर्सिंग शिकलेली, अल ऐनच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला. तिथे माणूस आला की आधी त्याचं उणं शोधायचं, त्याला नाव द्यायचं, आणि त्याला ते स्पष्ट सांगायचं. एकाच घरात ही दोन माणसं वीस वर्षं नांदली कशी, याचं मला तेव्हा काही वाटत नसे. आता वाटतं.

बू खलफ हे बाबांचं लाडकं गिऱ्हाईक. बू खलफ म्हणजे खलफचा बाप. त्यांचं खरं नाव आम्ही कधी घेतलं नाही. सत्तरीला आलेला ताठ म्हातारा, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि जुन्या लोकांना येतं तसं झकास हिंदी. बाबांना ते 'या खय्यात' म्हणायचे, म्हणजे अहो शिंपी. दरवर्षी थंडीच्या तोंडावर मित्रांबरोबर ताजिकिस्तानच्या डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला जायचे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाहीतर दुकानातून उचललेल्या बंदुकी वापरल्या, आता एक आपल्या अंगावर बेतलेली हवी होती. शाळेची बस मला बाबांच्या दुकानाजवळ सोडायची, त्यामुळे बू खलफचं माप घेताना मी तिथेच होते, बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक मांडीवर उघडं टाकून. सगळी मापं झाली. लाकूड ठरलं, कातडी पट्टा ठरला. एक गोष्ट तेवढी अडली, ती म्हणजे काडतूस कुठलं.

ते का अडतं, हे बाबांनी आम्हाला त्या दिवशी जेवताना ताटातल्या भाज्यांवरून समजावलं. त्यांनी एक भेंडी उचलली. "ही थ्री-नॉट-एट. जगात कुठेही मिळते, मध्यम." मग कोशिंबिरीसाठी ठेवलेलं गाजर घेतलं. "हे मॅग्नम. लांब जातं, सरळ जातं, दरीपलीकडचा बोकड जागेवर बसतो. पण उडवणाऱ्याच्या खांद्याला असा मागे दणका देतं की दात वाजतात." मग हिरवी मिरची. "आणि ही सिक्स-फाइव्ह. बारीक, नाजूक, दणका नाही म्हणावा इतका कमी. जवळ जाऊन मारायची तयारी असेल तर काम तेवढंच चोख. पण आपले लोक तिला बायकांचं काडतूस म्हणतात." मी विचारलं, एकच बंदूक तिन्ही उडवत नाही का? बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, नळीच्या मागे काडतुसाचं घर कापतात, ते एकाच मापाचं. कापड एकदा कापलं की कापलं, तसं." आणि बू खलफ काय म्हणतायत? "ते म्हणतात मॅग्नम. सगळे दोस्त मॅग्नम मारतात. पण परत मलाच म्हणतात, खय्यात, अंग तू मापलंयस, तू सांग." बाबांच्या चेहऱ्यावर त्या वाक्याचा केवढा आनंद होता! आईने त्यांच्या हातातली मिरची काढून घेतली आणि खर्ड्यात टाकली.

पुढच्या शुक्रवारी दारावर थाप पडली. बाबा मटण आणायला गेले होते, मी दार उघडलं तर बाहेर बू खलफ. ड्रायव्हरच्या हातात त्यांच्या बागेतल्या खजुराची टोपली. "खय्यात का घर?" त्यांनी हसून विचारलं. तेवढ्यात आई पदराला हात पुसत आतून आली. दोघंही थबकली. अगदी क्षणभर. बू खलफचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. आईने मान किंचित लववली, "अहलान" म्हणाली, टोपली घेतली, बसा म्हणाली. ते बसले नाहीत. "इन्शाल्ला, फिर कभी," म्हणून उलटे फिरले, आणि पायरी उतरताना त्यांनी आधी पायाने चाचपलं. मी आईला विचारलं, तू ओळखतेस त्यांना? आई म्हणाली, "खजूर धुवून ठेव." ते उत्तर मला पुरलं. तिच्या तोंडी 'नाही' असतं तेव्हा ती सरळ 'नाही' म्हणते.

त्यानंतर आमच्या घरी भाकऱ्या करपायला लागल्या. बाबा उत्साहात होते, रोज काडतुसाचीच बातमी आणायचे. आज बू खलफ म्हणाले मॅग्नमच, आज दुकानाचे मालकही म्हणाले मॅग्नमच. आई एकदा म्हणाली, "लहान घ्यायला सांगा की." बाबा म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" दुसऱ्यांदा तिने विचारलं, "तो दणका नक्की कुठे बसतो? खांद्यालाच, की डोक्यालाही?" बाबा रंगात येऊन सांगायला लागले, की खांदा, मान, डोकं, सगळं हादरतं, आणि बंदुकीवरची दुर्बीण जवळ धरली तर भुवईवर खोक पडते, मोठमोठ्या शिकाऱ्यांच्या भुवया फाटलेल्या असतात. आई उठून ओट्याशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. डोळ्याचा पडदा सुटणं म्हणजे काय, तो पुन्हा बसवल्यावर माणसाला दिवस न् दिवस पालथं का झोपवतात, आणि नंतर त्याने धक्का-दणका का टाळायचा, हे मला ठाऊक होतं, कारण आजार कुणाचा ते न सांगता आई आजाराबद्दल पुष्कळ सांगायची. दोन आणि दोन मी जमवले. तिला एकटीला गाठून म्हटलं, "आई, बू खलफना—" तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा हात. "मी तुला काही सांगितलेलं नाही. कळलं? पेशंटचं बाहेर बोलले तर नोकरी जाईल, लायसन्स जाईल, केससुद्धा होते इथे. आणि त्याने विश्वासाने दाखवलेलं असतं गं." शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फुटला. मी आईला रडताना फार थोड्या वेळा पाहिलंय, त्यातली ही एक.

आज हे लिहिताना मला तिची खरी अडचण कळते. तेव्हा मला वाटायचं, सांगून टाक ना, माणसाचा डोळा वाचतोय तर! सतरा वर्षांच्या पोरीला सगळंच सोपं दिसतं. गेल्या महिन्यात मला चाळिशी लागली, आणि आता चष्म्यातून जवळचंही जरा उशिरा दिसतं. दुबईत सिलिकॉन ओएसिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हे माझ्या मुलाला सांगत होते, तर तो फोनवरून मान वर न काढता म्हणाला, "शी शुड हॅव जस्ट टोल्ड हिम, ममा." मीही त्या वयात तेच म्हणत होते, फक्त मराठीत.

ऑर्डर रवाना व्हायची वेळ आली. बाबा जेवताना म्हणाले, उद्या बू खलफ येतील, मॅग्नम पक्कं करतील, आणि खलास. आईचा हात परातीत थांबला. मग तिने मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "माप घेताना तुम्ही डोळ्याचं काही बघत नाही का हो?" बाबा म्हणाले, "बघतो की. सगळ्यांचं बघतो." मी म्हटलं, "बू खलफचं नाही बघितलं बाबा. मी होते तिथे." बाबा गडबडले. खरंच घेतलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला, माझ्यावर बोट रोखा, असं शिंप्याने सांगायचं कसं, म्हणून लाजेखातर ते माप त्यांनी गाळलं होतं. पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती, आणि ती त्यांनी हळूहळू, भाकरीचा तुकडा मोडत सांगितली. बंदूक उजव्या खांद्याला लावल्यावर बू खलफची मान दस्त्याच्या वरून पार पलीकडे झुकत होती, डावा डोळा पुढे यायला धडपडत होता. बाबांनी ते पाहिलं होतं. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने, काही न विचारता, दस्ता तेवढा वाकवून मागवायचं ठरवून टाकलं होतं. उतरलेल्या खांद्याला अस्तर लावावं तसं. "मला वाटलं, वय झालंय," बाबा म्हणाले. आईने फक्त भाकरी उलटली. ती पुढे काही बोलली नाही, आणि बाबांनीही विचारलं नाही. त्या दिवसापुरता तरी मला माझ्या आईचा प्रचंड अभिमान वाटला. नाव नाही, आजार नाही, एक प्रश्न फक्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. बू खलफ गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसले होते. बाबा त्यांना 'अरबाब', म्हणजे मालक, म्हणायचे. ते म्हणाले, "अरबाब, एक माप रह गया है. माफ़ करना, पहले दिन लेना था." त्यांनी एक डोळा मिटला आणि सांगितलं, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि माझ्या उघड्या डोळ्यावर बोट रोखा. बू खलफ हसले, ही काय पोरांची थट्टा, म्हणाले, आणि उजवा हात लांब केला. बोट वर आलं, जरासं लटपटलं, आणि सरळ डाव्या डोळ्यासमोर जाऊन थांबलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मलासुद्धा दिसत होतं. मग बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "अब ये डावा... बायाँ बंद करो अरबाब, और फिर दिखाओ." हे त्यांनी सांगायला नको होतं. डावा डोळा मिटल्यावर ते बोट हवेत नुसतं भिरभिरत राहिलं, बाबांच्या कानापाशी, मग खांद्यापाशी. बाबांनी ते आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि खाली केलं.

"किसने बोला?" बू खलफनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच मला भीती वाटली. बाबा म्हणाले, "किसी ने नहीं. ये माप में आता है." "तुम्हारा मॅडम उधर क्लिनिक में है." बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या घडीपर्यंत त्यांना खरोखर माहीत नव्हतं, की हा आईचा पेशंट आहे. त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि बू खलफनी त्यांचं ते पाहणं पाहिलं. म्हाताऱ्याने काठी उचलली. "मेरा लड़का को मालूम नहीं. मेरा दोस्त को मालूम नहीं. मालूम पड़ेगा तो घर में बिठा देंगे, गाड़ी ले लेंगे, बंदूक ले लेंगे. और तुम्हारा घर में रोटी के साथ खाता है मेरा बात!" ते गेले. काडतूस न ठरवताच गेले. गहव्याची वाटीएवढी फिंजान उलटी पडली होती, ती बाबांनी उचलून पुसली, पुन्हा पुसली.

आईला दवाखान्यात बोलावणं आलं तेव्हा ती कपाटातली पांढरी साडी नेसून गेली, इस्त्रीची. तिथे काय झालं ते तिने एकदाच सांगितलं. बू खलफ रागाच्या भरात येऊन विचारून गेले होते, तुमच्या नर्सने माझं घरी सांगितलं का? मोठ्या साहेबांनी आईला विचारलं, तू सांगितलंस का? आई म्हणाली, "मी नाव घेतलं नाही, आजार सांगितला नाही. पण मी नवऱ्याला विचारलं, की माप घेताना डोळा बघता का. आणि मी ते याच माणसासाठी विचारलं." नुसतं 'नाही' म्हणाली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, साहेबांनाही तेच हवं होतं. पण ही बाई तशी नव्हतीच! त्यांनी केस केली नाही, लायसन्सला हात लावला नाही, एवढी मेहेरबानी. नोकरी मात्र गेली. सूचक बोलणं हेही बोलणंच, असं ते म्हणाले, आणि आई म्हणते, ते बरोबरच बोलले.

पुढचे दिवस वाईट गेले. बारावीनंतरचं माझं पुण्याचं हॉस्टेल रद्द होऊन तिथल्या आत्याच्या घरी राहायचं ठरलं, त्याचं मला तेव्हा फार दुःख झालं. पण खरं दुःख घरात होतं. आई दुपारभर घरी असायची आणि तिला दुपारी घरी कसं असायचं तेच माहीत नव्हतं. डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले. बाबांनी जुनं शिलाई मशीन काढलं आणि संध्याकाळी बंदुकांच्या खोळी शिवायला लागले, त्याच्या खडखडाटात कुणी बोलायची गरज उरली नाही. एकदा मात्र भडका उडालाच. बाबा म्हणाले, "तू विचारलंस कशाला? तुझं काय अडलं होतं?" आई म्हणाली, "आणि तुम्हाला दिसत होतं ते तुम्ही झाकलंत कशाला? मान वाकडी दिसली, तर बंदूक वाकडी करून देणार होता! तो म्हातारा त्या मॅग्नमने आंधळा झाला असता, तरी तुमचं माप अगदी छान बसलं असतं." बाबा पांढरेफटक पडले. मला आईचा राग आला, बाबांची कीव आली, आणि लगेच उलटं झालं. त्या खोलीत दोघंही खरी होती, आणि मला कुणाच्या बाजूला जाऊन बसावं कळत नव्हतं. मी दोघांच्या मध्ये, जमिनीवर बसले.

मग एका शुक्रवारी सकाळी पुन्हा दारावर थाप पडली. बू खलफ. या वेळी ड्रायव्हर गाडीतच, टोपली नाही. कंदुऱ्याच्या खिशातून त्यांनी एक छोटी बाटली काढली, डोळ्यात घालायच्या औषधाची, आणि ती आईसमोर धरली. "घर में किसी को बोल नहीं सकता," ते म्हणाले. "ख़ुद डालता हूँ तो गाल पे गिरता है. दूसरा नर्स को मैं नहीं पहचानता." मला वाटलं, ती दार लावून घेईल. माझी तर तीच इच्छा होती, खोटं कशाला बोलू? ते पुढे म्हणाले, "मैं बोलेगा क्लिनिक में. मेरा बात मानेंगे, वापस रखेंगे तुमको." आई म्हणाली, "नहीं. पूछा तो मैंने था ना." आणि आत वळून म्हणाली, "खुर्ची आण गं, हाताची." तिने साबण लावून हात धुतले, ओट्याशी, अगदी कोपरापर्यंत. मग त्यांच्या मागे उभी राहिली, त्यांच्या डोक्यावरची कापडी गत्रा मागे सारली, कपाळावर हात ठेवून मान मागे घेतली. "ऊपर देखो." थेंब बरोबर पडला. "अब बंद. दबाना नहीं." ते डोळे मिटून बसून राहिले. मिटल्या पापणीतून औषध बाहेर आलं, का आणखी काही, मला सांगता येणार नाही.

डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी हाक मारली, "या खय्यात!" बाबा आतल्या दारात कधीचे उभे होते. "टेप है घर में? ये बायाँ कंधा नापो. इधर से मारेगा अब." बाबांनी मशीनवरची टेप उचलली, पण जवळ येऊन थबकले, आणि मग माझ्या आठवणीत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला त्याचं उणं तोंडावर सांगितलं. "अरबाब, बायाँ कंधा नीचे है आपका. और मॅग्नम इस कंधे पे भी नहीं चलेगा. दोनों आँख हिलेगा." बू खलफ म्हणाले, "तो कौन सा?" बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बघितलं नाही. ती बाटलीचं झाकण लावत होती. "सिक्स-फाइव्ह," बाबा म्हणाले. "नज़दीक जाना पड़ेगा." म्हातारा ओठातल्या ओठात हसला. "औरत लोग का." "जी." "ठीक है. यल्ला, लिखो."

त्यानंतर ते औषधाच्या वेळेला येत राहिले, बंदूक येईपर्यंत आणि नंतरही. बंदूक आली, डाव्या खांद्याची. ते ताजिकिस्तानला गेले की नाही, गेले तर बोकड मिळाला की नाही, हे मला माहीत नाही, मी पुण्याला होते. डावा डोळा शेवटपर्यंत शाबूत राहिला एवढं कळलं. आईला दवाखान्याची नोकरी परत कधी मिळाली नाही, तिने मागितलीही नाही. लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करत राहिली. आता ती नाही. बाबा माझ्याकडे असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रोज सकाळी मी त्यांच्या डोळ्यांत औषध घालते आणि ते दर वेळी डोळा घट्ट मिटून माझी बोलणी खातात.

ती असताना मी तिला एकदा विचारलं होतं. माझं लग्न झालेलं, मी माहेरी आले होते, ती परातीशी बसली होती. म्हटलं, आई, एवढं सगळं गेलं त्या एका प्रश्नापायी. परत वेळ आली तर विचारशील? तिने पिठाला पाणी लावलं, गोळा हातात घेतला, आणि जरा चिडूनच म्हणाली, "तेव्हा चुकलेच मी. किती दिवस भाकऱ्या करपवत बसले. त्या पहिल्या शुक्रवारी तो दारातून गेला, तेव्हाच विचारायला हवं होतं."